पाठीला संवाद लागत नाहीत

६ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. मंगळवारी काय झालं ते आधी जसंच्या तसं लिहिते. आपल्या दोघींच्या आठवणीत फरक असेल तर आत्ताच कळू दे.

१. सकाळी तू वेळेवर आलीस. त्या स्पॅनिश सिनेमातल्या नायिकेचे, शेवटचा प्रसंग सोडून, सगळे संवाद तुझ्या आवाजात झालेले होते.

२. शेवटच्या प्रसंगाआधी मी तुझ्या हेडफोनमधला मूळ स्पॅनिश आवाज बंद केला आणि खलनायकाचे आपल्या भाषेतले संवाद लावले. ते आधीच्या आठवड्यात ध्वनिमुद्रित झाले होते. तुला लय सोपी जाईल असं वाटलं. विचारलं नाही.

३. त्याच्या दुसऱ्या वाक्याला तू हेडफोन काढलेस, स्टँडला अडकवलेस आणि काचेतून माझ्याकडे न बघता निघून गेलीस.

४. चष्मा राहिला. तो माझ्याकडे आहे.

५. डबिंगचे दिग्दर्शक, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले की महिनाअखेरपर्यंत थांबू. तोवर तू आली नाहीस तर पहिल्यापासून सगळं दुसऱ्या बाईच्या आवाजात करायचं आणि तुझं पुसायचं.

यातला पाचवा मुद्दा महत्त्वाचा आहे. वीस वर्षं तू दुसऱ्यांच्या सिनेमांत सासवा, शेजारणी आणि गर्दीत किंचाळणाऱ्या बायका केल्यास. पहिल्यांदा मुख्य पात्र मिळालं आणि एक प्रसंग उरला असताना तू उठून गेलीस. फोन तू उचलत नाहीस. आवाज ही विकायची वस्तू आहे, फोनवर फुकट वाटत नाही, हे मला पाठ आहे. म्हणून पत्र.

माझा अंदाज असा की तुला ते शेवटचं भाषण सहन झालं नाही. मलाही होत नाही. हा सिनेमा मी इतक्या वेळा पुढेमागे केलाय की त्याच्याबद्दल आदर उरणं शक्यच नव्हतं. बाई हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला आहे. तिचा नवरा आणि मुलगी कारखान्याच्या आगीत गेले, कारण मालकाने दार बाहेरून बंद ठेवलं होतं. मालक सुटतो. बाई सोळा वर्षं दबा धरून बसते आणि मग एकेकाला मारत सुटते. इथवर चालेल. पण प्रत्येक मेलेल्या माणसाखाली त्याच हॉटेलची चादर असते आणि ती एकाही पोलिसाला दिसत नाही. वकील तिचा दीर निघतो, आणि हे रहस्य त्याच्या नाकावरूनच ओळखू येतं. शेवटी ती मालकाला खुर्चीला बांधते. खुर्ची ऑफिसातली आहे, चाकांची. पाय मोकळे आहेत. दार उघडं आहे. माणूस पायाने ढकलत ढकलत घरी गेला असता. त्याऐवजी तो चार मिनिटं बसून तिचं भाषण ऐकतो आणि मधे मधे उत्तरं देतो.

इतकं भिकार भाषण मीही तोंडातून काढलं नसतं. पण तुझं नाव त्यावर अडलंय. कधी येतेस?

तुझी,
भाची

---

१० मार्च

चि. मोजपट्टीस,

अनेक आशीर्वाद. चष्मा राहू दे. दुसरा आहे, आणि त्या सिनेमात डोळे ताणून बघण्यासारखं फारसं काही नाही.

खुर्चीची चाकं माझ्या लक्षात आली नव्हती. तू यंत्रांत शिकलेली, तुला चाकं दिसणार. मला दिसली ती तिची जीभ. जी बाई सोळा वर्षं तोंड उघडत नाही, ती शेवटी एकदम मुख्याध्यापिका होते. "तुला तो दिवस आठवतोय का" इथून सुरुवात, मग "तुझ्यासारख्या माणसांना वाटतं की", मग माझी मुलगी, मग माझी राख, मग न्याय म्हणजे काय. आणि मागून व्हायोलिन. अगं, तिने त्या व्हायोलिनवाल्यापासून सुरुवात करायला हवी होती, प्रेक्षकांनी साथ दिली असती.

पण पहिली चाळीस मिनिटं चांगली आहेत आणि ते तू लिहिलं नाहीस. तुला वाईटाची यादी फार झटपट होते. ती शर्टाला इस्त्री करते ते आठव. आधी कॉलर, मग खांदा, मग बाही. शर्ट त्या मालकाचा आहे हे तिला कळतं, आपल्याला कळतं, आणि ती त्यावर एक सुरकुती ठेवत नाही. लिफ्टमध्ये तो तिला न ओळखता मजला सांगतो आणि ती गुपचूप बटण दाबते. हे ज्याने काढलं त्याला बायका माहीत होत्या. शेवट त्याच्या मेव्हण्याने काढला असावा.

त्या चाळीस मिनिटांत मला शब्द नव्हतेच, नुसते श्वास द्यायचे होते. ते मी दिले आणि चांगले दिले. पुढच्या बडबडीला मी तोंड देणार नाही. साहेबांना सांग, घसा बसलाय.

तुझ्या आईला काही सांगू नकोस. ती लगेच काढे सुचवेल.

मावशी

---

१४ मार्च

प्रिय मावशी,

तुझा निरोप साहेबांना शब्द न बदलता सांगितला. ते "हं, वाटलंच होतं" एवढंच म्हणाले.

पण निरोप खोटा आहे. मंगळवारचा ट्रॅक मी पुन्हा ऐकला. घसा स्वच्छ आहे. खलनायकाच्या पहिल्या वाक्याच्या वेळी तुझा श्वास नेहमीसारखा चाललाय. दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला तू श्वास घेतलास आणि हेडफोन स्टँडला लागल्याचा आवाज येईपर्यंत सोडला नाहीस. भाषण तर तेव्हा सुरूही झालं नव्हतं. म्हणजे कारण भाषण नाही, कारण बुवा आहेत.

बुवा कोण ते सांगते, कारण तुमची भेट व्हायचं कारण नाही. आमच्याकडे प्रत्येकाचं काम वेगळ्या दिवशी होतं. सिनेमात एकमेकांचे गळे धरणारे लोक प्रत्यक्षात एकमेकांना ओळखतही नाहीत. बुवा आमचे ठरलेले खलनायक. खरं नाव कोणी घेत नाही, मलाही माहीत नाही. बोलणं गुळण्या केल्यासारखं. एक वाक्य संपवायला इतका वेळ घेतात की पडद्यावरच्या माणसाचं तोंड मिटून जातं आणि मला मागून ओढून बसवावं लागतं. शिवाय कवळी सैल आहे, त्यामुळे प्रत्येक "स" आणि "श" वर शिट्टी. ती मी एकेक करून कापते. तुझ्या कानात मी न कापलेला ट्रॅक लावला होता. इतका वाईट नट अचानक कानात आल्यावर कोणीही उठून जाईल.

तुझा आवाज त्यांना आवडला असावा. गेल्या महिन्यात तुझा तुकडा चालू असताना ते आत आले, उभे राहून ऐकलं आणि म्हणाले, "ही कोण?"

"माझी मावशी," मी म्हटलं.

माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत होते. मग गरम पाणी मागितलं.

तर चूक माझी. स्पॅनिश आवाज परत लावते, बुवांचा एक शब्दही कानावर येणार नाही. भाषणाचं तू आणि मी नंतर भांडू. ये.

भाची

---

१८ मार्च

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. आता लपवून उपयोग नाही, तू श्वास मोजून काढशील.

तुमचा बुवा म्हणजे तुझा काका. माझा नवरा, कागदोपत्री अजूनही. तो गेला तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. तुझ्या आईने घरातले सगळे फोटो कापून त्याला वजा केलं, म्हणून तुला चेहरा माहीत नाही. तुझा चेहरा मात्र थेट माझ्या बहिणीचा आहे. गरम पाणी उगाच नाही मागितलं त्याने.

तो कुठल्या बाईबरोबर वगैरे गेला नाही. तसं असतं तर सिनेमात खपलं असतं. आम्ही दोघं रेडिओवरच्या नाटकांत होतो आणि लोक मला आधी बोलावत, त्याला नंतर. माझ्या घशात गाठ झाली. साधी होती, काढून टाकली, आणि डॉक्टरांनी बजावलं की महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. मी पाटीवर लिहून बोलत होते. लोक भेटायला येत, मी हसून मान डोलवत असे, आणि हा त्यांना दारापर्यंत पोचवायला जाई. फार प्रेमाने जाई.

दारात तो त्यांना सांगायचा: जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. तिच्यासमोर विषय काढू नका, मन घट्ट नाही तिचं.

माणसं चांगली होती, एकानेही विषय काढला नाही. महिन्याने मी बोलायला लागले तेव्हा माझी सगळी कामं वाटून झाली होती. मी जाऊन दाखवलं की बाबांनो, आवाज आहे, तर लोक इतक्या कीव आलेल्या तोंडाने ऐकत की त्यांना तो फाटकाच ऐकू येई. हे सगळं मला कळलं तेव्हा मी त्याला विचारलं. म्हणाला, "मला वाटलं खरंच गेला." विचारलं असतंस तर पाटीवर लिहून सांगितलं असतं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी कपाटातले त्याचे कपडे नव्हते.

आता मंगळवारचं. मी रडत गेले असं तुझ्या मनात आलं असेल तर पुसून टाक. ते भाषण म्हणजे कचरा आहे. पण त्याचा आवाज कानात आला आणि असा राग वर आला की त्या कचऱ्यालाही जीव आला असता. मला माहीत होतं, आत्ता तोंड उघडलं तर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होईल. आणि त्याचा फायदा कोणाला? समोरच्याला. अस्सल राग समोर असला की कुठलाही टुकार खलनायक उठून दिसतो. बावीस वर्षांचा माझा राग काय त्याची भूमिका वर काढायला ठेवलाय? म्हणून हेडफोन काढले.

पुसू दे आवाज. पुन्हा सासवा करीन.

मावशी

---

२२ मार्च

प्रिय मावशी,

पत्र वाचलं. त्यावर योग्य ते काही लिहिणं मला जमणार नाही, हे तुला माहीत आहे. जमतं ते करते, म्हणजे माहिती देते.

साहेबांचं "वाटलंच होतं" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. काल विचारलं.

"तुम्हाला काय वाटलं होतं, साहेब?"

"घशाचं गं. बुवा बोलले होते मला. बाई चांगली आहे म्हणाले, पण तिचा घसा जुना आजारी, शेवटपर्यंत टिकायची नाही, दुसरी बघून ठेवा. भला माणूस. मी तरी थांबलो. मग तूच निरोप घेऊन आलीस."

म्हणजे बुवांनी बावीस वर्षांनी तेच वाक्य पुन्हा वापरलं, आणि ते खरं असल्याचा पुरावा मी माझ्या पायांनी चालत जाऊन दिला. साहेब आता महिनाअखेरपर्यंतही थांबणार नाहीत. दुसऱ्या बाई शनिवारी, २९ तारखेला येणार आहेत. त्यांचा आवाज ऐकला. गोड आहे. धुलाईखान्यातली बाई बालवाडी चालवते आहे असं वाटतं.

घसा ठीक आहे हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मावशी आहे तुझी, तू असंच म्हणणार."

माझ्याकडे एक उपाय आहे. बुवांच्या शिट्ट्या मी कापते हे आधी लिहिलं होतं. काही करायची गरज नाही, फक्त कापणं थांबवायचं. शेवटच्या प्रसंगात तर प्रत्येक वाक्यात दोन-तीन आहेत. आवाजाची पट्टी केसभर वर चढवली तर ते खलनायक न वाटता रांगेत ढकलला गेलेला म्हातारा वाटतील. केसभरच, साहेबांच्या कानाला समजणार नाही. सिनेमागृहात लोक हसतील. पुन्हा त्यांना कोणी बोलावणार नाही आणि कारण कोणालाही सिद्ध करता येणार नाही.

तू हो म्हण. एका दुपारचं काम आहे.

भाची

---

२५ मार्च

चि. मोजपट्टीस,

हे पत्र लिहिताना तुझ्यामागे व्हायोलिन वाजत होतं का?

"कोणालाही सिद्ध करता येणार नाही" हे त्या इस्त्रीवालीचं वाक्य आहे. तू पहिल्या पत्रात त्या सिनेमाची सालटी काढलीस आणि आता त्याच्यातच शिरून बसलीस. तुला नोकरी दिलीय ती शिट्ट्या कापायला, तर त्या काप. एकही राहता कामा नये. माझ्या नावाने तू खराब काम केलंस, तर त्याच्यात आणि तुझ्यात फरक एवढाच राहील की तुझ्याकडे यंत्रं आहेत.

आणि घसा बसल्याचा निरोप ही माझी अक्कल. त्याला नुसतं एक खोटं बोलावं लागलं, बाकीचं मीच घरपोच केलं. त्याचंच वाक्य माझ्या तोंडून ऐकल्यावर साहेबांनी दुसरी बाई बोलावली नसती तरच नवल. तेवढ्यासाठी आता मला यावं लागणार. मागच्या पत्रात म्हटलं होतं की पुसू दे, ते मी मागे घेते. त्याच्या एका वाक्याने माझा आवाज दुसऱ्यांदा जाणार नाही.

पण भाषण करणार नाही ते नाहीच. तू एक बघ. भाषण चालू असताना कॅमेरा कुठे आहे? मला आठवतं तसं, त्याच्या तोंडावर. तिची नुसती पाठ दिसते, ओला कोट आणि पाठ. तिचं तोंड एकदा सुरुवातीला दिसतं आणि एकदा शेवटी जरासं. तोंड दिसतं तिथे आपल्याला शब्द भरावेच लागतात, ते भरू. पण पाठीला संवाद लागत नाहीत. तिकडे ती चार मिनिटं बोलते, ते तिकडच्या लोकांनी भोगावं. आपल्या भाषेत ती गप्प राहील. इस्त्री करतानाचे श्वास असतील, बस.

मी शुक्रवारी सकाळी येते. कोणाचा ट्रॅक कानात लावायचा ते तूच ठरव, मला आता फरक पडत नाही. साहेबांना आधी काही विचारायचं नाही. विचारलं की ते नाही म्हणतील. ऐकवू, आणि मग त्यांचं तोंड बघू.

येताना पाटी आणू का, घसा धड आहे हे लिहून दाखवायला?

मावशी

---

२ एप्रिल

बुवा,

नमस्कार. तुम्हाला काका म्हणावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून सगळे म्हणतात तेच लिहिते.

तुमच्या शेवटच्या प्रसंगाचे संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे आहेत. कारण असं: नायिकेचं काम शुक्रवारी पूर्ण झालं. माझ्या मावशीने केलं. घसा टिकला. काम झाल्यावर ती साहेबांशी मानधनावरून जे बोलली ते जिन्याखालच्या लोकांनाही ऐकू गेलं, त्यामुळे घशाबद्दल आता कोणाला शंका नाही. दुसऱ्या बाईंना येऊ नका म्हणून त्याच दिवशी कळवलं.

शेवटचं भाषण तिने केलेलं नाही. तोंड पडद्यावर दिसतं ती दोन वाक्यं सोडून ती गप्प आहे. फक्त श्वास आहेत. साहेबांना हे आधी माहीत नव्हतं. त्यांनी प्रसंग एकदा पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "व्हायोलिन काढ." संगीताचा ट्रॅक वेगळा असल्याने ते काढता आलं. मग म्हणाले की हा मूळ सिनेमापेक्षा बरा झालाय. मूळ सिनेमाचा शेवट पाहता ही फार मोठी स्तुती नाही, पण साहेब तेवढीही कधी करत नाहीत.

यात तुमची अडचण झाली आहे. तुमची वाक्यं तिच्या भाषणाला उत्तर म्हणून लिहिली होती आणि आता भाषण नाही. तुमच्या पात्राचं तोंड मात्र पूर्ण वेळ पडद्यावर आहे, जागोजागी हलतं आहे, त्यामुळे ते रिकामं सोडता येत नाही. अनुवादकांनी ओठांच्या मापाची नवीन वाक्यं लिहून दिली आहेत. कागद सोबत आहे. समोरची बाई एक शब्द बोलत नसताना तुम्हाला चार मिनिटं एकट्याने बोलत राहायचं आहे. मला वाटतं तुम्हाला याची सवय असावी.

घशाबद्दल तुम्ही साहेबांना काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं. रेडिओच्या काळात तुम्ही दारात उभं राहून काय सांगत होतात ते मावशीने लिहिलं. मी दोन्ही गोष्टी साहेबांना एकापाठोपाठ सांगितल्या. ते तुम्हाला भला माणूस म्हणत असत. त्यानंतर म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

तुमच्या वाक्यांतल्या शिट्ट्या मी कापल्या आहेत, नव्या वाक्यांतल्याही कापीन. ते मी तुमच्यासाठी करत नाही.

ध्वनिमुद्रण बुधवारी, ९ तारखेला सकाळी आहे. तुमच्या हेडफोनमध्ये तिचे श्वास असतील. मावशी स्वतः काचेच्या अलीकडे माझ्या शेजारी बसणार आहे. तिला तुमच्याशी काही बोलायचं नाही. तुम्ही येणार नसाल तर तुमचं पात्र पहिल्यापासून दुसऱ्या माणसाच्या आवाजात होईल. तो माणूस साहेबांनी पाहून ठेवला आहे.

येणार की नाही ते सोमवार, ७ तारखेपर्यंत लेखी कळवावे.